पडद्यामागचा प्रोफेसर

१९९८ सालचा मे महिना. नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगावे लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. आमच्या वर्धा रोडवरच्या घरी त्या वर्षी दोन नव्या वस्तू आल्या होत्या. एक वाळा भरलेला भलामोठा लोखंडी कूलर आणि दुसरा सेकंडहँड कॉम्प्युटर. अख्ख्या घरात थंड खोली एकच, त्यामुळे कॉम्प्युटरचे टेबलही साहजिकच कूलरच्या खिडकीला टेकले. दुसऱ्याच दिवशी त्या चौदा इंची रंगीत मॉनिटरवरची अक्षरे विहिरीच्या पाण्यातल्या सावलीसारखी डुलू लागली.

मेकॅनिक आला. पहिल्या खेपेला त्याने केबल बदलली, दुसऱ्या खेपेला आतले कार्ड, आणि तिसऱ्या खेपेला पिक्चर ट्यूबच जाते आहे असे गंभीर चेहऱ्याने सांगून नव्या मॉनिटरची किंमत ऐकवली. प्रत्येक खेपेचे पैसे वेगळे. दरम्यान एका दुपारी वीज गेली आणि थोड्या वेळाने आली. कॉम्प्युटर सुरू केला, पण कूलरचे बटण कुणी दाबले नव्हते. अक्षरे स्थिर! हे प्रथम लक्षात आले ते आईच्या. कॉम्प्युटरला तिने आयुष्यात हात लावला नव्हता. पण कूलर चालला की अक्षरे हलतात, थांबला की थांबतात, हे तिने दोनदा बटण दाबून आम्हाला दाखवले. टेबल समोरच्या भिंतीशी नेले. प्रश्न मिटला. तो मॉनिटर पुढे नऊ वर्षे चालला.

त्यामागचे शास्त्र मला पुष्कळ उशिरा कळले. कूलरच्या मोटरभोवती सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होणारे चुंबकीय क्षेत्र असते. मॉनिटर सेकंदाला साठ वेळा चित्र काढत होता. साठ आणि पन्नास यांच्यातला फरक दहा, म्हणून चित्र सेकंदाला दहा हेलकावे खात होते. पण खरी गंमत पुढेच आहे. आमच्या कूलरने त्या काचेच्या नळीतल्या किरणाला जे केले, नेमके तेच १८९७ साली एका जर्मन प्राध्यापकाने मुद्दाम केले होते. आमच्या घरी जो बिघाड ठरला, तो त्याच्या टेबलावर शोध ठरला होता. त्या प्राध्यापकाचे नाव कार्ल फर्डिनंड ब्राउन. मार्कोनीबरोबर नोबेल पारितोषिक वाटून घेतलेला हा माणूस. मार्कोनीचे नाव शाळेतल्या पोराला ठाऊक असते. ब्राउनचे मात्र, ज्या घरांत तीस-चाळीस वर्षे त्याची नळी रोज संध्याकाळी उजळत होती त्या घरांतही, कुणी घेतले नाही.

फर्डिनंडचा जन्म ६ जून १८५० चा, जर्मनीतल्या फुल्डा या गावी. वडील न्यायालयातले कारकून. घरची स्थिती मध्यमवर्गीय आणि मुलगा अभ्यासू, एवढे म्हटले की त्याच्या बालपणाबद्दल बरेचसे सांगून झाले. मारबुर्ग आणि मग बर्लिन येथे शिकून १८७२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने डॉक्टरेट मिळवली. विषय होता तारा आणि दांड्या यांच्या कंपनांचा. पुढची दोन वर्षे वुर्झबुर्गला क्विंके या प्राध्यापकांचे साहाय्यक म्हणून गेली. विद्यापीठातली मोठी जागा लगेच मिळण्यासारखी नव्हती आणि पोट तर भरायला हवे, तेव्हा ब्राउन यांनी शिक्षकाची परीक्षा दिली आणि १८७४ मध्ये ते लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत मास्तर झाले. संगीतकार बाख एकेकाळी याच शाळेत संगीत शिकवत असत.

मास्तरकीत माणसाची बुद्धी गंजते असे मानणाऱ्यांनी ब्राउन यांची लाइपझिगची वर्षे जरूर पाहावीत. शाळा सुटल्यावर ते धातूंच्या गंधकयुक्त खनिजांतून वीज सोडून पाहत. शिशाच्या खनिजाचा, म्हणजे गॅलेनाचा, एक स्फटिक घ्यायचा आणि त्याला धातूच्या तारेचे टोक टेकवायचे. त्यांच्या ध्यानात आले की वीज एका दिशेने सुखाने जाते आणि उलट दिशेने जायला कुरकुरते. १८७४ साली त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले. अशा एकमार्गी दरवाजाचे करायचे काय, हे त्या वेळी कुणालाच सुचले नाही. योगायोग असा की मार्कोनीचा जन्मही १८७४ चाच! पुढे पंचवीस-तीस वर्षांनी बिनतारी संदेश पकडण्यासाठी हाच गुण कामी आला. आपले जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेनाच्याच स्फटिकाचा संदेशग्राहक बनवला आणि १९०४ साली त्यांना त्याचे अमेरिकन पेटंट मिळाले. आज ज्याला आपण डायोड म्हणतो, त्याच्या वंशावळीत ब्राउन मास्तरांचा तो स्फटिक मूळपुरुषाच्या जागी बसतो. याच काळात त्यांनी मुलांसाठी गणित आणि विज्ञानाचे एक पुस्तकही लिहिले. विद्वान माणूस मुलांसाठी लिहायला बसला की मला त्याच्याविषयी उगाच जिव्हाळा वाटू लागतो.

नंतरची वर्षे बदल्यांची. मारबुर्ग, स्ट्रासबुर्ग, कार्ल्सरूह, ट्युबिंगेन. १८८५ साली अमेली ब्यूहलर हिच्याशी विवाह झाला. दोन मुलगे आणि दोन मुली झाल्या. ट्युबिंगेनला त्यांनी पदार्थविज्ञानाची नवी संस्था उभी केली. १८९५ मध्ये ते स्ट्रासबुर्गच्या संस्थेचे संचालक म्हणून परतले आणि तिथेच स्थिरावले. हे शहर त्या काळी जर्मनीकडे होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

त्याच वर्षाच्या अखेरीस रोंटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि युरोपातल्या झाडून साऱ्या प्रयोगशाळांत काचेच्या निर्वात नळ्यांची एकच धांदल उडाली. जो तो नळीतून बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांच्या मागे! ब्राउन यांची नजर गेली ती नळीच्या आतच राहणाऱ्या ऋण किरणांकडे. हा किरण चुंबक जवळ आणला की वाकतो, हे चाळीसएक वर्षे माहीत होते. ब्राउन यांचा विचार साधा होता. किरण वाकतो, तर तो वाकणे म्हणजेच एक लेखणी नाही का? आणि या लेखणीला वजन जवळजवळ नाहीच. त्या काळी वीज मोजण्याच्या यंत्रांत काटे असत, आरसे असत. सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होणाऱ्या विजेचा आकार दाखवायला त्या जड काट्यांना कुठली फुरसत? किरणाला मात्र थकवा नव्हता.

त्यांनी एक लांबोडकी नळी तयार करवून घेतली. मागच्या टोकाला किरण निघण्याची जागा, मध्ये बारीक भोक असलेला अडसर, म्हणजे त्यातून किरणाची एकच सडपातळ रेघ पुढे जाईल, आणि पुढच्या रुंद भागात अभ्रकाचा पडदा. पडद्यावर किरण पडताच चकाकणारा लेप. किरण जिथे पडे तिथे एक हिरवट ठिपका उजळे. नळीच्या मानेशी ब्राउन यांनी तारेचे वेटोळे ठेवले आणि त्यातून तपासायची वीज सोडली. ठिपका वरखाली धावू लागला, इतक्या वेगाने की डोळ्यांना उभी रेघच दिसावी. ही रेघ आडवी पसरवून लाट कशी दिसते ते पाहण्यासाठी त्यांनी समोर एक फिरता आरसा ठेवला. आरशात स्ट्रासबुर्ग शहराच्या वीजकेंद्रातून येणाऱ्या विजेची लाट डौलाने वळणे घेत उमटली. दिव्यांतून वाहणारी वीज आपली चाल स्वतःच काढून दाखवू लागली होती. ही हकिगत १५ फेब्रुवारी १८९७ रोजी प्रसिद्ध झाली.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हा किरण कशाचा बनलेला आहे, हे ब्राउन यांना त्या दिवशी ठाऊक नव्हते. कुणालाच नव्हते. इंग्लंडात जे. जे. टॉमसन यांनी त्यातल्या सूक्ष्म कणांची, म्हणजे आजच्या इलेक्ट्रॉनची, घोषणा केली ती ३० एप्रिल १८९७ ला. म्हणजे अडीच महिन्यांनी. शाई कशाची आहे हे कळण्याच्या आधीच लेखणी तयार होती.

ब्राउन यांनी या नळीचे पेटंट घेतले नाही. ज्याला हवी त्याने बनवावी, वापरावी, सुधारावी, अशीच त्यांची वृत्ती दिसते. आणि सुधारणारे निघाले. त्यांचे साहाय्यक योनाथन झेनेक यांनी १८९९ मध्ये ठिपक्याला आडवे ओढणारी दुसरी व्यवस्था जोडली आणि फिरत्या आरशाला सुट्टी मिळाली. उभे एक ओढणे, आडवे एक ओढणे. पुढे जगातल्या तमाम टीव्हींत आणि मॉनिटरांत हीच दोन ओढणी राहिली.

जुन्या मॉनिटरच्या बऱ्याचशा दुखण्यांची मुळे या दोन ओढण्यांत किंवा त्या किरणात सापडतात. काहींना आठवत असेल, अचानक सगळे चित्र नाहीसे होऊन पडद्याच्या मधोमध लखलखीत आडवी रेघ तेवढी उरायची. घरात आकांत. झालेले असायचे एवढेच की उभे ओढणारी यंत्रणा बंद पडली. दोन ओढण्यांपैकी एकच उरले की मॉनिटर १८९७ च्या नळीसारखा होतो. फरक इतकाच की ब्राउन यांची रेघ उभी होती. अशा वेळी प्रकाश ताबडतोब कमी करावा लागे, नाही तर एकाच जागी किरणाचा मारा होऊन पडद्याचा लेप कायमचा जळायचा. पडद्याच्या कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग दिसू लागले, तर जवळ स्पीकर ठेवलेला असे. स्पीकरमधल्या चुंबकामुळे पडद्यामागची बारीक भोकांची पोलादी जाळी चुंबकीय होऊन बसायची आणि लाल रंगासाठीचा किरण हिरव्याच्या घरात शिरायचा. त्यावर डीगॉसचे बटण असे. दाबले की धुम्म असा आवाज, चित्र क्षणभर थरथरे आणि डाग पुसले जात. बटण लागोपाठ दाबून मात्र उपयोग नसे, आतला भाग निवायला वेळ द्यावा लागे. सगळे चित्र एकाएकी पिवळट झाले तर ट्यूब गेली म्हणून हाय खाण्याआधी केबलचा पंधरा पिनांचा जोड उघडून पाहावा, हा शहाणपणा आम्ही फार उशिरा शिकलो. निळ्या रंगाची एक पिन वाकली की लाल आणि हिरवा तेवढे उरतात, त्यांचे मिळून पिवळे होते. आणि चित्र लुकलुकून डोके दुखत असेल तर सेटिंगमध्ये साठाऐवजी पंचाहत्तर किंवा पंच्याऐंशी निवडायचे, की किरण पडद्यावर अधिक वेळा फिरतो आणि डोळा शांत होतो.

एक इशारा तेवढा द्यायलाच हवा, कारण असे जुने डबे अजूनही माळ्यांवर पडून आहेत. वायर काढून ठेवली तरी त्यांच्या आत हजारो व्होल्ट टिकून राहू शकतात. रंगीत मॉनिटरमध्ये हा आकडा वीस-पंचवीस हजारांपर्यंत जातो. नळी निर्वात असते, फुटली तर काच आत कोसळून उलट बाहेर उसळते, आणि त्या काचेत शिसेही असते. पोराटोरांनी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसण्याची ही जागा नव्हे. भंगारवाल्यानेही ती हातोड्याने फोडू नये. ती ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडेच जावी.

ब्राउन यांच्याकडे परत येऊ. नळीनंतर वर्षभरातच त्यांना बिनतारी संदेशांनी झपाटले. मार्कोनीची यंत्रे गाजत होती, पण संदेश काही अंतरापलीकडे नेता नेता नाकी नऊ येत. ठिणगी मोठी केली तरी अंतर त्या मानाने वाढत नव्हते. ब्राउन यांनी रोग नेमका ओळखला. मार्कोनीच्या मांडणीत ठिणगी थेट उंच तारेतच, म्हणजे अँटेनातच उडत असे आणि त्यामुळे पुष्कळ शक्ती वाया जाई. त्यांनी ठिणगीला एका बंद मंडलात वेगळी बसवली आणि तिथून शक्ती वेटोळ्यांच्या मार्फत अँटेनाकडे पोचवली. जणू विहिरीतून थेट पोहऱ्याने पाणी शिंपडण्याऐवजी आधी टाकी भरून घेतली. १९०० साली कुक्सहाफेनच्या किनाऱ्यावरून समुद्रातल्या हेलगोलांड बेटापर्यंत, ६२ किलोमीटरवर, संदेश गेले. १९०३ मध्ये ब्राउन यांच्या पद्धतीची कंपनी आणि प्रतिस्पर्धी जर्मन कंपनी यांचे एकत्रीकरण होऊन टेलेफुंकेन उभी राहिली. १९०५ मध्ये त्यांनी तीन अँटेना मांडून लहरी हव्या त्या दिशेने वळवूनही दाखवल्या.

१९०९ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मार्कोनी आणि ब्राउन या दोघांना विभागून मिळाले. एक पस्तीस वर्षांचा, जगभर नाव झालेला. दुसरा एकोणसाठ वर्षांचा प्राध्यापक. पारितोषिक बिनतारीसाठी होते, नळीसाठी नव्हे. नळी तेव्हा प्रयोगशाळेतले एक सोयीचे उपकरण होती, इतकेच. १९०६ साली डीकमान आणि ग्लागे या दोघांनी तिच्यावर अक्षरे-आकृत्या उमटवण्याचा प्रयत्न केला होता, पण गुरुजींना तो पोरखेळ वाटला असे सांगतात. माणूस आपल्याच मुलाचे भवितव्य कधी कधी ओळखत नाही, त्यातला प्रकार.

मग १९१४ साल उजाडले. महायुद्ध सुरू होताच इंग्रजांनी समुद्रातल्या जर्मन तारा तोडल्या. अमेरिकेशी बोलण्यासाठी जर्मनीकडे बिनतारीचा आधार उरला; न्यू यॉर्कजवळ सेव्हिल येथे टेलेफुंकेनचे केंद्र होते. त्या केंद्राविरुद्ध मार्कोनी कंपनीने अमेरिकन न्यायालयात पेटंटचा दावा लावला. केंद्र बंद पडले तर मोठाच घात. साक्षीसाठी ब्राउन आणि झेनेक वर्षाच्या अखेरीस जहाजाने निघाले. चौसष्ट वर्षांचा, प्रकृतीने खचलेला माणूस ऐन युद्धात समुद्र ओलांडून गेला, तोही ज्याच्याबरोबर पारितोषिक घेतले त्याच्याच कंपनीशी भांडायला. पाच वर्षांपूर्वी स्टॉकहोममध्ये शेजारी उभे राहिलेले दोन संशोधक आता दोन बाजूंना होते.

परतीचा रस्ता पुढे बंदच झाला. मुलगा ब्रुकलिनमध्ये राहत होता, त्याच्याकडे ब्राउन थांबले. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि ते एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. झेनेक यांना तर स्थानबद्ध करण्यात आले. वृद्ध ब्राउन यांना तुरुंग चुकला, पण मायदेशी जाण्याची परवानगी नव्हती. २० एप्रिल १९१८ रोजी ब्रुकलिनमध्येच त्यांचे निधन झाले. युद्ध थांबायला अजून सात महिने होते. ज्या स्ट्रासबुर्गला परतण्याची ते वाट पाहत होते, ते त्याच नोव्हेंबरात फ्रान्सकडे गेले. म्हणजे जगले असते तरी आपल्या प्रयोगशाळेत ते परतू शकले असते की नाही, कोण जाणे. त्यांची रक्षा पुढे फुल्ड्याला नेण्यात आली.

नळी मात्र थांबली नाही. रशियात बोरिस रोझिंग यांनी १९०७ पासूनच तिच्यावर चित्र आणण्याचा ध्यास घेतला होता. जपानमध्ये केंजिरो ताकायानागी यांनी २५ डिसेंबर १९२६ रोजी ब्राउनच्या नळीवर एक अक्षर झळकवले. ते अक्षर होते जपानी लिपीतले इ. जपानी लोक आजही या नळीला ब्राउनचेच नाव लावतात, जर्मनही लावतात. आपण तिला पिक्चर ट्यूब म्हणून मोकळे झालो. मुंबईला १९७२ मध्ये दूरदर्शन आले, १९८२ मध्ये रंग आले, आणि रविवारची संध्याकाळ साऱ्या आळीने ज्या चौकोनी काचेसमोर काढली ती हीच.

माझा पुतण्या मिहानमधल्या एका कंपनीत कामाला आहे. २००२ मध्ये मिहानसाठी कंपनी स्थापन झाली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. शिवणगाव, खापरीच्या ज्या शिवारांवर आम्ही सायकली हाणल्या, तिथे आता काचेच्या इमारतींत त्याच्यासमोर दोन-दोन सपाट पडदे असतात. त्यांत किरण नाही, नळी नाही, ओढणी नाहीत. मागे दिवा आणि पुढे द्रवस्फटिकांच्या लाखो झडपा. कूलर शेजारी ठेवला तरी त्यांना ढिम्म फरक पडत नाही. पडदा काळा पडला की तो आधी केबल दाबून पाहतो, मग दुसऱ्या जोडावर तर लागलेला नाही ना ते पाहतो, आणि शेवटी मोबाइलचा टॉर्च तिरका धरतो. टॉर्चच्या उजेडात चित्र पुसट दिसले तर मागचा दिवा गेला असे समजायचे.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्याने माळ्यावरून आमचा तो चौदा इंची मॉनिटर खाली काढला आणि काका, याला मागे एवढी ढेरी कशाला, असे विचारले. मी सांगितले की किरणाला वळायला जागा लागते. त्याला ते पटेना. वायर लावून पाहिली तर कॉम्प्युटरशिवायही पडदा मिणमिणला आणि निळसर अक्षरांत केबल जोडलेली नसल्याची सूचना आली. मी फ्रिजवर चिकटवायचे छोटे चुंबक आणून पडद्याशी धरले. अक्षरे वाकडी झाली, रंग ओघळले. आई ऐंशीच्या पुढे आहे. ती पलंगावरून म्हणाली की ते आधी बाजूला घ्या, डाग पडतील.